विमा भरावा की राहू द्यावा?

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं एक मोठं गाव, बसथांब्यासमोर सेवा केंद्राचं दुकान. बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळत बसलेली. प्रत्येकाच्या हातात कॅरीबॅग आणि तिच्यात सातबारा, आधार, पासबुक आणि त्या वर्षापासून पीकविम्यासाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांक. आतला चालक मुलगा एका हातानं माउस फिरवतोय, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर कोणाचा तरी ओटीपी विचारतोय. सर्व्हर मध्येच बसतो, मग सगळेच शांत होतात.

साठीचे एक गृहस्थ खिडकीशी वाकून म्हणाले, “पोरा, औंदा सोयाबीनचे अकराशे साठ म्हणायलेत हेक्टरी. मागल्या साली रुपायात झालं होतं. भरावं का राहू द्यावं?”

“काका, तुम्ही म्हनलात तर भरतो. भरा का नका भरू, ते मला कसं कळंल?”

मुलाचं उत्तर प्रामाणिक होतं. त्याला वेबसाइटची प्रत्येक खिडकी पाठ आहे, कोणत्या गटाचा सातबारा ऑनलाइन अडतो हेही तो सांगतो. काकांचा प्रश्न मात्र त्याच्या पडद्यावर कुठेच नव्हता. या अंकासाठी संपादकांनी ‘सरकारी योजना आणि शेतकऱ्याचा निर्णय’ असा विषय दिला, तेव्हा योजनांची जंत्री लिहायची नाही एवढंच मी ठरवलं होतं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर गावात नेमकं कोण देतं, ते शोधायचं होतं.

रुपयाची दोन वर्षं

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्यानं वाटून घ्यायचा. महाराष्ट्रानं मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्याचा हिस्साही स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याच्याकडे एक रुपया ठेवला. आदल्या खरिपात एक कोटीच्या आत असलेले अर्ज २०२३ मध्ये १ कोटी ७० लाखांच्या घरात गेले.

कागदावर हे मोठंच यश होतं. पण रुपयाला कोणी विचार करत नाही. ‘भरून टाक’ एवढाच सल्ला पुरेसा होता आणि तो देणाऱ्याला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते. शिवाय रुपयाच्या जागी शंभर घेणारे केंद्रचालक होतेच. पुढे सरकारी जमिनींवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, पेरलंच नाही अशा पिकांवर काढलेले विमे सापडले आणि लाखो अर्ज रद्द झाले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं रुपयाची सोय बंद केली. त्या खरिपापासून पुन्हा २ टक्के आले आणि अर्ज पुन्हा कोटीच्या खाली उतरले.

बातम्यांमध्ये गाजला तो रुपया. त्यापेक्षा मोठा बदल मात्र बऱ्याच बांधांपर्यंत पोहोचलाच नाही. त्याआधी पेरणीच होऊ शकली नाही, हंगामाच्या मध्ये पावसानं दगा दिला, गारपीट झाली, पाणी साचलं, काढून ठेवलेलं पीक भिजलं, अशा प्रत्येक प्रसंगाची भरपाई स्वतंत्र मोजली जायची. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्रानं ही सगळी कलमं वगळली. एकच आधार उरला, हंगामाच्या शेवटी होणारा पीक कापणी प्रयोग.

ज्या गावांत वर्षानुवर्षं ‘नुकसान झालं की ७२ तासांत तक्रार करा’ हेच शिकवलं गेलं, तिथे ही गोष्ट रुजायला वेळ लागणार हे उघड आहे. ७२ तासांचा नियम माणसांना तोंडपाठ आहे. कृषी सहायकांनी सांगितला, भिंतीवर रंगवला, व्हॉट्सॲपवर फिरला. तो पाठ करून घेणाऱ्यांनी तो कोणत्या कलमाखाली येतो हे सांगितलं नव्हतं. त्यामुळे कलम गेलं तरी नियम डोक्यात राहिलाच.

गोखले इन्स्टिट्यूटमधून बांधावर

माझं पीक बुडालं तर मला पैसे, असा विम्याचा अर्थ कोणीही करील. गाडीच्या विम्याचा अर्थ तोच असतो. पीकविम्याचा नाही, आणि त्याचं मूळ पुण्यात आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये मांडणी केली की भारतात एकेका शेताचं नुकसान मोजत बसणं परवडणारं नाही. एक-दोन एकराचे कोट्यवधी तुकडे, नोंदी अपुऱ्या, मोजणाऱ्यावर दबाव. त्यापेक्षा सारखी हवा-माती असलेला परिसर हा एक घटक धरावा, त्याचं सरासरी उत्पादन काढावं आणि ते घसरलं तर तिथल्या सर्व विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्यावी. यात मुद्दाम पीक सोडून देऊन कोणाचा फायदा होत नाही, कारण एकट्याच्या शेतानं सरासरी हलत नाही. १९७९ मध्ये भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळानं याच पायावर प्रायोगिक योजना सुरू केली. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि आताची योजना, सगळ्या त्याच पायावर उभ्या आहेत.

कल्पना पक्की आहे. तिची किंमतही आहे, आणि ती शेतकरी मोजतो. महाराष्ट्रात हा घटक म्हणजे महसूल मंडळ, त्यात बरीच गावं येतात. ओढ्याकाठच्या रानात पाणी साचून सोयाबीन कुजलं आणि मंडळातली माळाची गावं चांगली पिकली, तर ओढ्याकाठच्याला काही मिळत नाही. उलट, मंडळ बुडालं आणि एखाद्याचं रान विहिरीच्या पाण्यावर तरलं, तर त्यालाही भरपाई मिळते. गावात या दुसऱ्या माणसाकडे संशयानं पाहिलं जातं आणि पहिला स्वतःला फसवला गेलेला समजतो. प्रत्यक्षात दोघेही नियमातच असतात.

“मंडळात कुठं तरी पीक कापणार अन् माझ्या रानाचा निकाल लावणार व्हय?” हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांत, थोड्याफार फरकानं ऐकलं. उत्तर ‘होय’ असंच आहे. निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करतात. सोयाबीन, कापूस, भात यांना उपग्रहाच्या मदतीनं काढलेल्या अंदाजाचंही वजन दिलं जातं. हे हप्ता घेण्याआधी सांगितलं तर माणूस विचार करतो. नंतर सांगितलं तर भांडतो.

फळ्यावरची दोन गावं

याच पट्ट्यात एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक आहेत. नोकरीत असताना ते योजनांचे लक्ष्यांक पुरे करत होते. आता कोणी बोलावलं तर मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या वर्गात तास-दीड तास बसतात. मानधन नाही, पत्रक नाही. सोबत खडू असतो. त्यांची बैठक मी पाहिली ती शाळेत, संध्याकाळी, दूध घालून झाल्यावर. पंचवीसेक माणसं होती. बाया दारापाशी होत्या. साहेबांनी आधी त्यांना पुढे बोलावलं, मग सुरुवात केली.

“हे आकडे मनातले आहेत, आपल्या मंडळाचे नाहीत,” असं दोनदा बजावून त्यांनी एका गावाचं सात वर्षांचं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन लिहिलं, क्विंटलमध्ये: १६, १४, ७, १५, १२, ९, १३. सातांतली चांगली पाच वर्षं निवडायला एका कॉलेजच्या मुलाला उठवलं. बेरीज ७०, सरासरी १४. राज्यात जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे १४ चे ७० टक्के, ९.८. “हे उंबरठा उत्पादन. मंडळ याच्या वर राहिलं, की आपल्याला दमडी नाही. खाली गेलं तर जितकं खाली, तितक्या टक्के.”

“साडेनऊ आलं तर?” एकानं विचारलं.

“तर तीन टक्के. ५८ हजार विमा धरला तर सतराशे-अठराशे.”

“अन् आठ आलं तर?”

९.८ वजा ८, भागिले ९.८. मोबाइल निघाले. सव्वाअठरा टक्क्यांच्या वर, म्हणजे साडेदहा हजारांच्या पुढे. वर्गात एक वेगळीच शांतता होती, हिशेब जुळल्यावर येते तशी. कोणी तरी म्हणालं, “म्हंजे पीक अर्धं गेलं तरी अर्धे पैसे येत नाहीत.” साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहून घेतलं.

मग त्यांनी शेजारी दुसरं गाव लिहिलं: १५, १४, १३, १४, १२, १३, १४. चांगली पाच वर्षं, बेरीज पुन्हा ७०. उंबरठा पुन्हा ९.८. हप्ताही तेवढाच. “आता सांगा, सात वर्षांत किती वेळा पैसे आले असते?”

पहिल्या गावात दोन वेळा, ७ आणि ९ च्या वर्षी. ढोबळ हिशेबानं साडेसोळा हजार आणि पावणेपाच हजार, मिळून एकवीस हजारांच्या वर. सात वर्षांचा हप्ता ८,१२०. दुसऱ्या गावात एकदाही नाही, हप्ते मात्र सातही वर्षांचे.

इथे साहेब थांबले. भरा किंवा भरू नका, असं त्यांनी सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या एका तरुणानं आग्रह धरला, तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं: बियाण्याला पैसे उसने काढलेस का? घरात दुसरी मिळकत आहे का? एक वर्ष सगळं गेलं तर पुढची पेरणी होईल का? तरुणाचं बियाणं-खत दुकानदाराच्या उधारीवर होतं. “मग तुझं उत्तर वेगळं. ह्यांच्या घरी दोन म्हशी आणि पोराचा पगार आहे, ह्यांचं वेगळं. गाव दुसऱ्यासारखं असलं तरी आठवं वर्ष कसं जाईल, हे फळा सांगत नाही.”

शेतकऱ्याला योजनेबद्दल शिकवणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला या फिरस्तीत दिसलं नाही. माहिती पुरवणं हा त्यातला सोपा भाग. कठीण भाग पुढचा: माणसाला स्वतःच्या घराचा आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवायला लावायचं आणि मग बाजूला व्हायचं.

एक अडचण साहेबांकडेही होती. फळ्यावरचे आकडे त्यांना मनातले घ्यावे लागले. आपल्या मंडळाचं मागचं उत्पादन, त्या हंगामाचा उंबरठा, कापणी प्रयोगाला निवडलेली गावं, हे मी फिरलो त्या एकाही गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मला दिसलं नाही. विम्याची शेवटची तारीख मात्र प्रत्येक फलकावर होती.

साहेब कोणाकोणाचे?

निर्णय शिकवण्याचं हे काम कृषी सहायकाचं नाही का? २०२५ मध्ये त्यांचं पदनाम बदलून ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं. गावांची संख्या आणि कामांची यादी तीच राहिली. ऐंशीच्या दशकात ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली, तेव्हा ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जाणं आणि तंत्र सांगणं एवढंच अपेक्षित होतं. आता एकाच माणसानं पंचनामे करायचे, कापणी प्रयोगांना उभं राहायचं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या अर्जांची स्थळपाहणी करायची, ओळख क्रमांकाच्या शिबिराला बसायचं आणि संध्याकाळी फोटो अपलोड करायचे. मी ज्यांच्यासोबत दिवसभर फिरलो त्या सहायक बाई दुपारी चार वाजता दुचाकी थांबवून म्हणाल्या, “शेतकऱ्यानं आज मला पिकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न ओटीपीचे.”

त्यांच्या वरिष्ठांकडून विचारलं जातं ते अर्ज किती झाले. शेतकऱ्याला समजलं किती, याचा रकाना अहवालात नाही. दोष त्यांचा आहे असं मला वाटत नाही. जे मोजलं जातं तेच होतं.

आपल्याकडे याहून चांगली रीत नव्हती असं नाही. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीनं हाहाकार केला, त्यानंतर कीड सर्वेक्षणाबरोबर शेतीशाळा रुजल्या. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या किडींसाठी सुरू झालेली ही पद्धत. शेतकऱ्यानं स्वतः अळ्या मोजायच्या, मित्रकीटक ओळखायचे आणि फवारायचं की थांबायचं हे स्वतः ठरवायचं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत शेतीशाळेबरोबर गावाच्या पाण्याचा ताळेबंदही मांडला गेला. त्याआधी शरद जोशी शेतकरी संघटनेच्या शिबिरांत कांदा पिकवायला प्रत्यक्ष खर्च किती येतो, हे शेतकऱ्यांकडूनच काढून घेत. अळीचा हिशेब शिकलेला माणूस उंबरठा उत्पादनाचा हिशेब शिकू शकतो. शेतीशाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी एक तास हवा.

अमेरिकेतही हाच गोंधळ

अमेरिकेच्या २०१४ च्या शेती कायद्यानं तिथल्या शेतकऱ्यांसमोर असाच पेच टाकला होता. दोन योजनांतली एक निवडायची: एक, ठरलेल्या भावाखाली बाजार गेला तर पैसे देणारी, दुसरी, काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) उत्पन्न घसरलं तर पैसे देणारी. निवड एकदाच, २०१८ पर्यंत बदल नाही. सरकारनं त्याच वेळी विद्यापीठांना सुमारे ६० लाख डॉलर दिले. निम्मे शेतकऱ्यानं स्वतःचे आकडे घालून पाहावेत अशा संगणकीय साधनांसाठी, निम्मे गावोगावच्या बैठकांसाठी. एवढं होऊनही मका आणि सोयाबीनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्राला काउंटीची योजना निवडली गेली. पुढे शेजारच्या काउंटीला पैसे आणि आपल्याला शून्य, म्हणून कुरकूर झालीच. दांडेकरांच्या मंडळासारखंच हे.

म्हणजे शिक्षणानं जोखीम जात नाही. पण तिथे निर्णय शिकवण्याचा खर्च योजनेबरोबरच आला होता. आपल्याकडे जाहिरातीला पैसे असतात आणि अर्जामागे ४० रुपये असतात. निर्णयामागे काही नसतं.

मालकाचा पंप, तिचं पाणी

विम्याचा निर्णय निदान दरवर्षी बदलता येतो. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत तसं नाही. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. क्षमता अशी जमिनीवर ठरते. पाणी किती खोल आहे, हा विचार घरानं आधी करायचा असतो.

बचत गटाच्या बैठकीत एक बाई म्हणाली, “अर्ज मालकाच्या नावानं, सही त्यांची. पाणी द्यायला मी. बोअर तीनशे फूट हाय, उन्हाळ्यात ओढंल का, हे विचारायला मला कुणी बोलावलंच नाही.” गटाच्या कृषी सखीनं पुढच्या बैठकीला पंप बसवलेल्या शेजारच्या गावच्या दोघींना बोलावायचं ठरवलं. याच भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या एक एकर मॉडेलमधून बायकांनी घरच्या रानातला एक एकर स्वतःच्या निर्णयानं पेरायला घेतलेला आहे. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या बायका इथे दुर्मीळ नाहीत. सातबाऱ्यावर त्यांचं नाव मात्र दुर्मीळ आहे आणि ओळख क्रमांक सातबाऱ्यावरून निघतो. बटईनं करणाऱ्याचीही हीच गत. विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि गावात बटई तोंडी ठरते.

ठिबक सिंचनाचंही थोडं सांगायला हवं. राज्याच्या पूरक अनुदानासह लहान शेतकऱ्याला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. पूर्वसंमतीआधी संच विकत घेतला तर अनुदान हातचं जातं, आणि पैसे आधी स्वतःचे घालावे लागतात, हे दुकानात गेल्यावर कळतं.

दिवाळीला गावी जाणार असाल तर

हा लेख पुरा होत असताना सप्टेंबर २०२५ च्या अखेरच्या पावसानं मराठवाडा धुऊन नेला. मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वाहिल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. औशाकडून फोन आला: ७२ तासांची तक्रार कुठं करायची? त्या वर्षी ती सोयच नव्हती, हे त्या माणसाला पहिल्यांदा माझ्याकडून कळलं. हप्ता त्यानं भरलेला होता. महसूल खात्याचे पंचनामे सरकारी मदतीसाठी आहेत आणि विमा कापणी प्रयोगावर ठरणार, या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेही सांगावं लागलं.

वाचकांपैकी अनेकांचा सातबारा गावाकडे आहे, कसणारा भाऊ किंवा चुलता आहे. रब्बीच्या विम्याची मुदत ज्वारीला ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा आणि कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भात आणि भुईमुगाला ३१ मार्च अशी आहे. दिवाळीला गेलात तर कागद आणि पेन घेऊन त्यांच्यासोबत अर्धा तास बसा. मंडळाचं उंबरठा उत्पादन तालुका कृषी कार्यालयात लेखी मागा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पीक नोंदीत, लावलेलं पीक आणि विम्यातलं पीक एकच आहे ना, ते पाहा. पीककर्ज असेल आणि विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसं लिहून द्यावं लागतं. नाही तर हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो.